‘काही अडचण असेल तर सांगा’ असं म्हटल्यावर कोणीच का सांगत नाही?

प्रश्न : मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा कॉलेजने एफईच्या (पहिल्या वर्षाच्या) मुलांसाठी स्टुडंट मेंटॉर नेमले, त्यात माझं नाव आलं. माझ्याकडे बारा जण दिलेत. पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि ‘काही अडचण असेल तर बिनधास्त सांगा’ असं टाकलं. महिना होत आला. सगळ्यांच्या ब्लू टिक आल्या, पण बोललं कोणीच नाही. दोघं तेवढे सारखे नोट्स मागतात. एक मुलगा प्रवेशाच्या अगदी शेवटच्या राउंडला आलाय, तो अजून दिसलेलाच नाही. आणि परवा रात्री एका मुलीचा मेसेज आला : ‘ताई, इथे अजिबात करमत नाही. सगळं सोडून जावंसं वाटतं. कोणाला सांगू नकोस.’ मी काय करू? माझी स्वतःची इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) तोंडावर आलीय. मेंटॉरचं काम नेमकं असतं तरी काय? आणि खरं विचारायचं तर, रेझ्युमेला याचा काही उपयोग होतो का?
– गोंधळलेली सीनियर

उत्तर :

बाकी सगळं आठवडाभर थांबेल, त्या मुलीचं थांबणार नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

‘सगळं सोडून जावंसं वाटतं’ याचे निदान तीन अर्थ होतात. कॉलेज सोडून घरी जावंसं वाटणं, ही ब्रँच सोडावीशी वाटणं आणि जगणंच नकोसं होणं. यातला कुठला, हे तुला मेसेजवरून कळणार नाही, आणि अंदाज तर करूच नकोस. आजच फोन कर आणि आजच भेट. जागा अशी निवड की आजूबाजूला माणसं असतील, पण बोलणं कोणाच्या कानावर जाणार नाही. लायब्ररीबाहेरचा कट्टा चालेल, तुझी रूम नको. थोडं इकडचं तिकडचं बोलून झालं की सरळ विचार : ‘सोडून जावंसं म्हणजे घरी जावंसं वाटतं, की जगणंच नको असं मनात येतं?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती बाळगू नकोस. तसं होत नाही. उलट कोणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून बरेच जण मोकळे होतात.

उत्तर दुसरं असेल, किंवा ‘कधी कधी येतं’ असं अर्धवट असेल, तर तिला एकटी सोडू नकोस. तिच्यासमोरच रेक्टरना आणि तुमच्या फॅकल्टी मेंटॉरना फोन लाव. कॉलेजला समुपदेशक असतील तर त्यांनाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो तूही लावू शकतेस, ‘माझ्यासमोर अशी मैत्रीण बसली आहे, मी काय करू?’ असं विचारायला. लगेच जिवाला धोका दिसत असेल तर 112 हा तातडीचा क्रमांक. घरच्यांना कळवायचं काम फॅकल्टीकडे राहू दे. तू परस्पर फोन केलास की घरचे घाबरून तिच्यावरच ओरडतात, आणि पुढच्या वेळी ती तुलाही काही सांगत नाही.

राहिलं ‘कोणाला सांगू नकोस’. असं वचन कोणत्याच ज्युनियरला द्यायचं नाही. चुकून ‘ओके’ टाइप केलं असशील तर भेटल्यावर दुरुस्त कर : ‘तू सांगतेस ते मी चारचौघांत बोलणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला तर एका मोठ्या माणसाला सांगेन, आणि त्याआधी तुला सांगून जाईन.’ हे वाक्य बाकी अकरा जणांनाही पहिल्याच भेटीत ऐकवून ठेव. नंतर वेळ आल्यावर सांगितलं तर विश्वासघात वाटतो.

तिला फक्त घरची आठवण येत असेल, तर ‘होईल सवय’ म्हणू नकोस. दिवसातला कुठला वेळ सगळ्यात जड जातो, ते विचार. बहुतेकांचं उत्तर संध्याकाळ असतं, कॉलेज सुटल्यापासून मेसच्या जेवणापर्यंतचे ते दोन-अडीच तास. रूमवर एकटं बसायचं, घरी फोन लावायचा, रडू यायचं, मग जेवायला जायचं नाही. त्या वेळेला आठवड्यातले दोन-तीन दिवस तिला काहीतरी ठरलेलं काम हवं : रीडिंग हॉल, ढोल-ताशा पथकाचा सराव, खेळाचं मैदान, काहीही. मेसला कोणाबरोबर जाते तेही विचार. एकटीच जाते म्हणाली, तर तिच्याच हॉस्टेलच्या एका मुलीशी गाठ घालून दे, एवढं एक काम आठवडाभराच्या समजावण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. दर शुक्रवारी घरी जाऊन सोमवारी दुपारी परतणाऱ्यांचं सोमवारचं प्रॅक्टिकल बुडतं, मग जर्नल मागे पडतं, मग कॉलेज आणखी नकोसं होतं. घरी जाऊ नको असं सांगायचा तुला अधिकार नाही. ‘महिन्यातला एक शनिवार-रविवार इथे काढून बघ’ एवढं म्हणता येतं. आणि खरंच ॲडमिशन रद्द करायची असेल तर अर्ज देण्याआधी तिला स्टुडंट सेक्शनला घेऊन जा. फी किती परत मिळते हे तारखेवर अवलंबून असतं, आणि मूळ कागदपत्रं कॉलेजकडे असतात. रागाच्या भरात बॅग भरून गेलेल्यांची दोन्हीकडे अडचण होते.

आता तुझ्या ग्रुपकडे वळू. बारा जण एका मेंटॉरकडे देणं हीच पहिली चूक आहे, आणि ती तुझी नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2009 च्या रॅगिंगविरोधी विनियमांत मेंटॉरिंग सेलची तरतूद आहे. त्यात नव्या सहा विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर आणि खालच्या सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला एक मेंटॉर असं प्रमाण दिलंय. म्हणजे बीईचं (शेवटच्या वर्षाचं) कोणीतरी तुझ्याही पाठीशी असायला हवं. कोऑर्डिनेटर सरांना हा आकडा दाखव आणि जोडीला एक एसईचा (दुसऱ्या वर्षाचा) किंवा टीईचा मेंटॉर माग. नाहीच दिला, तर बारांचे दोन गट कर आणि गटांना एकाआड एक आठवडा भेट. बाराही जणांना दर आठवड्याला भेटायला गेलीस तर दुसऱ्याच महिन्यात सगळं बंद पडेल.

मुलं गप्प का आहेत? ‘काही अडचण असेल तर’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आपल्याला जे होतंय ती अडचण आहे, हे आधी कळावं लागतं. एम-वनचं (पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचं) लेक्चर डोक्यावरून जाणाऱ्या मुलाला वाटतं, मीच मठ्ठ आहे. ही गोष्ट तो अकरा अनोळखी लोकांसमोर कशाला लिहील? त्यामुळे ग्रुप सूचनांपुरता ठेव. प्रश्न एकेकाला विचार, आणि असा विचार की हो-नाहीवर भागणार नाही. ‘सगळं ठीक ना?’ला ‘हो ताई’ हे उत्तर ठरलेलं असतं. ‘एम-वनच्या ट्युटोरियलमधली किती गणितं स्वतः सुटली?’, ‘काल रात्री कुठे जेवलास?’, ‘कुठल्या लेक्चरला सगळ्यात मागे बसतोस?’ यांना खरं काहीतरी सांगावंच लागतं. मागे बसतो त्या विषयात तो हरवलेला असतो, हे बहुतेक वेळा जुळतं.

ग्रुपबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. सीनियरांनी ज्युनियरांचे व्हॉट्सॲप ग्रुप करून त्यातून त्रास देणं हेही रॅगिंगच, असं यूजीसीने 2025 मध्ये कॉलेजांना स्पष्ट बजावलं आहे. तुझा हेतू चांगला आहे. पण ग्रुपमध्ये कोण आहे आणि काय चाललंय हे कॉलेजला माहीत नसेल, तर उद्या कोणाच्या एका ‘इंट्रो दे रे’ मेसेजमुळे तूच अडचणीत येशील. फॅकल्टी कोऑर्डिनेटरना ग्रुपमध्ये घे. बीईच्या मित्रांना घेऊ नकोस. रात्री दहानंतर काही टाकू नकोस, आणि रिप्लाय आला नाही म्हणून कोणाला टोकू नकोस. मॅम म्हणवून घेणं, कॉरिडॉरमध्ये विश करायला लावणं, जर्नल लिहून घेणं, ‘आमच्या वेळी तर…’च्या गमती या सगळ्यापासून लांब राहा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, शिवाय काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही.

पहिली भेट दोघा-तिघांची ठेव. कॅन्टीनमध्ये, अर्धा ते पाऊण तास, चहा तुझ्याकडून आणि बाकी ज्याचं त्याने. काय विचारायचं ते वर आलंच. काय विचारायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं : सीईटीला किती पर्सेंटाइल, कुठल्या कॅटेगरीतून आलास, वडील काय करतात. आडनावावरून गाव-जात काढण्याची आपल्याकडची सवयही इथे बाजूला ठेव. आयआयटी मुंबईने 2023 मध्ये विद्यार्थ्यांना सूचना दिल्या, त्यांत एकमेकांची जेईईची रँक विचारणं अनुचित म्हटलं होतं, कारण त्यातून जात कळते आणि पुढची चार वर्षं त्या चष्म्यातून बघितलं जातं. तुमच्या कॉलेजात अशी लेखी सूचना नसली तरी तू पाळ.

मग शिष्यवृत्तीचं काय, तिथे कॅटेगरी लागतेच ना? लागते. पण ती तुला कळण्याची गरज नाही. सगळ्या योजना सगळ्यांना सांग, ज्याची त्याने निवडावी. मेंटॉरच्या हातून सगळ्यात मोलाचं काम होऊ शकतं ते इथेच, म्हणून यावर थोडं सविस्तर.

महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म भरला म्हणजे संपलं, असं मुलांना वाटतं. फॉर्म आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथे तपासला जातो, मग संबंधित खात्याकडे जातो. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा, कॅपचं (केंद्रीभूत प्रवेशाचं) अलॉटमेंट लेटर नीट स्कॅन न झालेलं, बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र नाही, अशा कारणांनी अर्ज ‘सेंड बॅक’ येतो. तो परत आलाय हे लॉगिन केल्याशिवाय दिसत नाही, आणि फोनवरच्या मेसेजच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर वर्ष गेलं. म्हणून फॉर्म भरला का, एवढं विचारून थांबू नकोस. ‘मोबाइलवर लॉगिन करून स्टेटस काय दिसतंय ते वाचून दाखव’ म्हण. दर पंधरा दिवसांनी. पासवर्ड मात्र स्वतःकडे घेऊ नकोस आणि फॉर्म स्वतः भरून देऊ नकोस, कारण पुढच्या वर्षी रिन्यूअल त्यालाच करायचंय.

दुसरी अडचण बँकेची. पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात येतील अशी समजूत असते. प्रत्यक्षात आधारवर येणारे पैसे ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं गेलंय तिथे जातात. ते कधी गावच्या शाखेत शाळेत असताना काढलेलं, आता बंद पडलेलं खातं निघतं. बँकेत केवायसी झालंय म्हणजे आधार जोडलंय असं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधारच्या संकेतस्थळावर कुठलं बँक खातं जोडलंय ते दोन मिनिटांत दिसतं. भेटीतच बघायला लाव.

योजनांची नावं एका कागदावर लिहून ठेव. ट्यूशन फीसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या मॅट्रिकोत्तर योजना वेगळ्या. राहण्या-जेवणासाठी, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातल्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुलींना हेही सांग की 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. माफ आहे म्हणून फॉर्म सुटत नाही, तो भरावाच लागतो. आणि जात पडताळणीच्या पावतीवर ज्यांनी प्रवेश घेतलाय त्यांना मुदतीत वैधता प्रमाणपत्र द्यायचं असतं, नाहीतर राखीव जागेवरचा प्रवेशच धोक्यात येतो. ही तारीख कोणाला पाठ नसते. स्टुडंट सेक्शनच्या बोर्डवर जाऊन तूच आधी वाच.

त्यावरून आठवलं, नव्या मुलांना कॅम्पस फिरवताना ऑडिटोरियम आणि जिम दाखवायची फॅशन आहे. ती त्यांना आपोआप सापडतात. त्यांना खिडक्या दाखव. बोनाफाइड कुठल्या खिडकीवर, अर्ज छापील मिळतो की ऑनलाइन, कधी द्यायचा, किती दिवसांनी मिळतो, आयकार्डची झेरॉक्स लागते का. एकाला पीएमपीच्या पासासाठी बोनाफाइड हवंच असतं. त्याच्याबरोबर जा, बोलू त्याला दे, तू मागे उभी राहा. खिडकीतल्या काकांनी पहिल्यांदा हाकललं तरी मध्ये पडू नकोस. ‘काका, काय कमी आहे ते सांगा, आणतो’ हे त्याला तिथेच शिकता येईल.

बाहेर राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कॉट बेसिसवर जागा घेताना डिपॉझिट किती, कधी आणि काय कापून परत मिळणार, हे निदान व्हॉट्सॲपवर तरी लेखी घ्यायचं. आणि मेस लावताना खाड्याचा नियम विचारायचा : आधी किती दिवस सांगायचं, सलग किती दिवस गैरहजर राहिलं तर पैसे वजा होतात. दिवाळीत घरी जाऊन आल्यावर यावरून भांडणं होतात.

अभ्यासात पहिला सापळा तुझ्याच डोक्यात आहे. तुमचं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आणि स्वायत्त नसेल, तर 2025-26 मध्ये टीईला असलेली तू बहुधा 2019 पॅटर्नची (अभ्यासक्रमाच्या आराखड्याची) आहेस आणि ही मुलं 2024 पॅटर्नची. विषयांची विभागणी, क्रेडिट, अंतर्गत गुण, सगळं बदललंय. ‘आमच्या वेळी हा विषय सोपा होता, शेवटच्या पंधरा दिवसांत निघतो’ असं काही बोलण्याआधी त्यांचा सिलॅबस उघडून बघ. सीनियरचा शब्द मुलं वेदवाक्य मानतात आणि जुन्या पॅटर्नच्या हिशेबाने युनिट ऑप्शनला टाकतात.

नोट्स मागणाऱ्या दोघांना ड्राइव्हची लिंक एकदा दे आणि विषय संपव. नोट्स दिल्याने तू त्यांची आवडती सीनियर होशील, मेंटॉर होणार नाहीस. लवकरच जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारायला तुझ्या ग्राफिक्सच्या शीट मागतील. काचेखाली दिवा लावून गिरवलेली शीट सबमिशनला पास होते, पण पेपरात प्रोजेक्शन स्वतः काढायची वेळ आली की हात चालत नाही, आणि तोवर नोव्हेंबर-डिसेंबर उजाडलेला असतो. शीट दाखव, देऊ नकोस. एक आकृती तुझ्यासमोर कोऱ्या कागदावर काढायला लाव. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, यात कुठे अडतोय ते दहा मिनिटांत कळेल.

याहून मोठं कौशल्य म्हणजे सरांना शंका कशी विचारायची. ‘सर, हा चॅप्टरच कळला नाही’ यावर कुठलेही सर ‘पुन्हा वाच’ म्हणणार. मुलाला वहीत लिहून न्यायला सांग : ट्युटोरियल 3, प्रश्न 4, दुसऱ्या पायरीनंतर अडलो, इथपर्यंत मी असं केलं. असा मुलगा दारात उभा राहिला की सर बहुतेक वेळा खुर्ची ओढून बसवतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘इंग्लिश सुधार, सिनेमे बघ’ हा सल्ला निरुपयोगी आहे. त्याची अडचण ओरलला दोन मिनिटं बोलण्याची आहे. प्रयोग काय केला ते आधी मराठीत सांगू दे. मराठीत सांगता आलं तर विषय कळलाय. मग तेच इंग्रजीत तीन वाक्यांत : काय मोजलं, कशाने मोजलं, काय उत्तर आलं. दर प्रॅक्टिकलनंतर एवढंच. वहीच्या मागच्या पानावर त्या आठवड्यातले दहा तांत्रिक शब्द, स्पेलिंगसकट. सेमिस्टरभरात शंभरावर शब्द होतात आणि पहिल्या वर्षाच्या ओरलला त्यापेक्षा फार काही लागत नाही.

प्लेसमेंट, कोडिंगच्या स्पर्धा, इंटर्नशिप हे पहिल्या सेमिस्टरला काढूच नकोस, जोवर कोणी विचारत नाही. महिनाभरापूर्वी घर सोडलेल्या मुलाला ‘आतापासून सुरुवात केली नाहीस तर मागे पडशील’ असं ऐकवणं म्हणजे काम न करता धाक घालणं. आपल्या क्लबसाठी आपल्याच मेंटीजना ओढणं हाही त्यातलाच प्रकार. तू बोलावलंस तर त्यांना नाही म्हणता येत नाही.

आता न दिसलेला मुलगा. शेवटच्या राउंडला किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला (कॉलेजच्या स्वतःच्या फेरीला) आलेल्या मुलांचं इंडक्शन बुडालेलं असतं, ओळखी इतरांच्या आपसांत होऊन गेलेल्या असतात, पहिलं युनिट निम्मं शिकवून झालेलं असतं आणि रोल नंबर किंवा प्रॅक्टिकलची बॅच कित्येकदा ठरलेलीच नसते. हजेरीत नाव नाही म्हणून तो वर्गातच येत नाही, असंही होतं. त्याला पाच मेसेज करू नकोस. सीआरला (वर्ग प्रतिनिधीला) विचारून त्याची बॅच कुठली ते काढ आणि प्रॅक्टिकल सुटताना लॅबच्या दारात भेट. राहायची सोय झाली नसेल तर दौंड किंवा लोणावळ्याहून रोज ये-जा करत असेल, हेही विचार. मग तीन कामं : आतापर्यंत कुठल्या विषयात कुठवर झालं त्याची एका पानाची यादी, त्याच्याच बॅचमधला एक सोबती, आणि क्लास कोऑर्डिनेटरकडे जाऊन त्याची हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून धरली जाते का याची खात्री. 75 टक्क्यांच्या हिशेबात मागचे आठवडे गैरहजर लागले तर तो डिफॉल्टर लिस्टमध्ये येईल, आणि यादी लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ता एक अर्ज देणं सोपं. पुढच्या वर्षी डिप्लोमाहून थेट एसईला येणाऱ्यांचंही नेमकं असंच होतं. त्यांना तर बहुतेक कॉलेजांत मेंटॉरही देत नाहीत.

एखाद्याने रॅगिंगची किंवा कोणी अंगचटीला आल्याची गोष्ट सांगितली, तर खरं-खोटं तपासायला जाऊ नकोस आणि ‘मिटवून टाकू’ तर मुळीच म्हणू नकोस. ऐक, त्याच्याच शब्दांत तारीख-वेळ-जागा लिहून ठेवायला सांग, स्क्रीनशॉट पुसायचे नाहीत असं सांग आणि सोबत जा. रॅगिंगसाठी कॉलेजची समिती, किंवा 1800-180-5522 ही चोवीस तासांची राष्ट्रीय हेल्पलाइन. लैंगिक छळासाठी अंतर्गत तक्रार समिती. तिथे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, हे लवकर सांग. तक्रार करायची की नाही, हे मात्र ज्याच्यावर बेतलंय त्याने ठरवायचं.

तुझ्या वेळेचं बोलू. आठवड्याला दोन तास, त्याहून जास्त नाही. दोन ठरलेल्या वेळा ठेव, समजा मंगळवार आणि गुरुवार, साडेचार ते साडेपाच, कॅन्टीनचं ठरावीक टेबल. कोणी आलं नाही तर स्वतःचं जर्नल लिहीत बस, पण वेळ बदलू नकोस. चौथ्या-पाचव्या वेळी एखादा येतोच, कारण तू तिथे असतेस हे त्याने लांबून बघितलेलं असतं. इन-सेमच्या आधी ग्रुपवर टाक : ‘अमुक ते अमुक तारीख माझी परीक्षा आहे, तातडीचं असेल तर फोन करा, नाहीतर कोऑर्डिनेटर सर आहेत.’ अपराधी वाटून घेऊ नकोस. सीनियर आपल्या परीक्षेसाठी नाही म्हणते, हेही त्यांनी बघितलेलं बरं.

पैसे उसने देऊ नकोस. दोनशे रुपयांवरून बोलणं थांबलेल्या जोड्या कॉलेजात हव्या तेवढ्या सापडतील. फी अडली असेल तर हप्त्यांसाठी अर्ज कुठे करतात ते दाखव. मेंटीशी प्रेमाबिमाचं काही जुळतंय असं दोघांपैकी कोणालाही वाटलं, तर आधी गट बदलून घे.

प्रत्येकाच्या नावे वहीत दोन-तीन ओळी लिहित जा : कुठे अडकला, काय ठरलं, पुन्हा कधी विचारायचं. आजारपण, घरची भांडणं यात लिहायची नाहीत आणि वही शेअर्ड शीटवर चढवायची नाही. एरवी एकाआड एक आठवडा पुरे, पण दोन वेळा चुकवू नकोस. पहिल्या अंतर्गत परीक्षेचे मार्क लागतात त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात कोण परत आलं नाही याची मोजणी. बारावीपर्यंत नव्वदच्या खाली न आलेल्या मुलाला तीसपैकी सहा पडले की तो कोणाला सांगत नाही, आणि दिवाळीला गेलेला परत यायला टाळाटाळ करतो. त्या आठवड्यात ‘कधी येतोयस? सोमवारचं प्रॅक्टिकल मिळून करू’ एवढा मेसेज जरूर जाऊ दे, आणि तो त्याच्याच बॅचच्या मुलाकडून गेला तर आणखी चांगलं.

रेझ्युमेचं विचारलंस, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उपयोग होतो, पण ‘स्टुडंट मेंटॉर, 2025-26’ एवढ्या ओळीचा नाही, ती शंभर जणांच्या रेझ्युमेवर असते. काय केलं ते लिही : किती जणांचा गट होता, किती भेटी घेतल्या, शिष्यवृत्तीचे सेंड बॅक आलेले किती अर्ज मुदतीत परत गेले. मुलाखतीत ‘कठीण प्रसंग सांगा’ म्हटल्यावर त्या मुलीची गोष्ट सांगायचा मोह होईल. नाव न घेताही ती सांगायची नाही. उशिरा आलेल्या मुलाच्या हजेरीच्या अर्जाची सांग, आणि तीही कोणाला ओळखू येणार नाही अशी.